ही मोहरी कुणाची?

मार्च संपत आला की आमच्या टोकियोच्या कोतो भागातल्या सुपरमार्केटात, पालेभाज्यांच्या कोपऱ्यात, नानोहानाच्या जुड्या येतात. मोहरीच्या भाऊबंदांतल्याच या कोवळ्या कळ्या, कागदी पट्टीत घट्ट बांधलेल्या. एखादी कळी वाट न बघता दुकानातच उमलते आणि त्या हिरव्या गर्दीत एक पिवळा ठिपका दिसतो. तो दिसला की मी हातातली टोपली खाली ठेवते. निखिल, माझा नवरा, शेजारून म्हणतो, "झालं. आता वीस मिनिटं." कारण मी एकेक जुडी उलटी करून पान खोडाला कसं चिकटलंय ते बघणार, हे त्याला पाठ झालंय.

हे वेड मला त्सुनामीला एक वर्ष उलटल्यानंतरच्या वसंतात लागलं. तेव्हा मी टोकियोच्या एका प्रयोगशाळेत पोस्टडॉक होते. माझा विषय होता, खाऱ्या जमिनीत मोहरीच्या कुळातली झाडं कशी तग धरतात. ऐकायला अगदी शेतातलं वाटतं. प्रत्यक्षात मी झाड बघतच नसे. मला भेटायचं ते गोठवून वाटलेलं पान, बोटभर नळीच्या तळाशी. आणि पुण्यात वाढलेल्या मुलीला मोहरी म्हणजे काय? मिसळणाच्या डब्यातली एक वाटी. तेलात तडतडते ती. अख्खं, उभं, फुललेलं मोहरीचं झाड मी एम.एस्सी.ला जाईपर्यंत पाहिलं नव्हतं, आणि त्यानंतरही पुस्तकातच जास्त.

भूकंपानंतर आम्हीही तीन आठवडे पुण्याला जाऊन आलो होतो. परतलो तेव्हा इमारतीतली निम्मी भारतीय घरं रिकामी झाली होती. आई दर रविवारी फोनवर एकच विचारायची, "परत कधी येताय?" माझं काँट्रॅक्ट पुढच्या मार्चपर्यंत होतं. मी "बघू" म्हणायचे. खरं तर मलाही ठाऊक नव्हतं. नळीतल्या भुकटीसाठी एवढ्या लांब राहावं असं फार उरलं नव्हतं.

मे महिन्यात प्राध्यापकांनी मला मियागीच्या किनाऱ्यावर पाठवलं. समुद्राचं पाणी शिरलेल्या शेतांत आपोआप काय काय उगवलंय, त्याची यादी करून आणायची. सोबत मोरिता-सान. हे आमच्या प्रयोगशाळेतले साठीचे तंत्रज्ञ, मूळचे त्याच भागातले, आणि झाडांची नावं आम्हा सगळ्या डॉक्टरेटवाल्यांपेक्षा त्यांनाच जास्त ठाऊक. सेंदाइपर्यंत शिंकान्सेन या बुलेट ट्रेनने आणि पुढे भाड्याच्या गाडीने आम्ही गेलो.

सपाट. मला आठवतं ते इतकंच, सपाट. एकेकाळी जिथे गाव होतं तिथे घरांची नुसती जोती उरली होती, शाळेत भूमितीच्या वहीत काढतो तसे चौकोन. शेतात कुठे कुठे मिठाची पांढरी साय अजून होती. आणि वर आभाळात चंडोल पक्षी. एक वर चढत जाई, गात गात, दिसेनासा होई, मग दुसरा सुरू. एवढ्या मोकळ्या जमिनीवर एवढी गडबड करणारे तेच.

पहिल्या दहा मिनिटांत मी ओरडले, "मोहरी!"

रस्त्याच्या कडेला, फुटलेल्या सिमेंटच्या फटीत, वीतभर उंचीचं झाड होतं. मिरीएवढी पिवळी फुलं. चार पाकळ्या, फुलीच्या आकारात. मी भिंग काढलं, सहा पुंकेसर मोजले, चार लांब, दोन आखूड. मोहरीच्या कुळाची खूण! मला इतका आनंद झाला की मी गुडघे चिखलात टेकून बसले. मोरिता-सान वाकले, एक बारीक वाकडी शेंग बोटावर घेतली आणि म्हणाले, "इनुगाराशी. इनु म्हणजे कुत्रा. कुत्र्याची मोहरी. माणसाच्या कामाची नाही म्हणून तसं नाव. पण ही इथलीच आहे, मूळची रानातली. कुणी आणलेली नाही, कुणी लावलेली नाही."

"आणि शास्त्रीय नाव?"

"रोरिप्पा इंडिका," ते म्हणाले आणि मिस्कीलपणे बघत राहिले. "मोगे-सान, तुमच्या देशाचं नाव लावून फिरते ती, आणि तुम्हीच ओळखली नाहीत?"

मोगे म्हणजे मी, मोघे. 'घ' त्यांना कधी जमला नाही.

तेवढ्यात मागून कुणीतरी खळखळून हसलं. मानेवर पडदा असलेली कापडी टोपी, गुडघ्यापर्यंत गमबूट, हातात विळा. सत्तरीच्या पुढच्या एक आजी उभ्या होत्या. त्या बोलल्या ते तिकडच्या ठसक्यात, मला निम्मंही कळलं नाही. मोरिता-सान हसत म्हणाले, "त्या म्हणतायत, कुत्र्याची मोहरी बघून झाली असेल, तर आता माणसाची बघायला या."

त्या ओनोदेरा आजी. आम्ही त्यांच्या मागून गेलो. शंभरेक पावलांवर एक जोतं होतं, आणि त्याच्या भोवती, रस्त्याच्या कडेपर्यंत, माझ्या कमरेएवढी अकरा झाडं पिवळीधमक फुलून वाऱ्यावर हलत होती.

"हे आमचं घर," आजी जोत्याकडे हात करून म्हणाल्या. मग झाडांकडे. "आणि ही आमची 'ना' आहे का, ते सांगा."

'ना' म्हणजे पालेभाजी. त्यांच्या घरात दोन पिढ्या एक मोहरीची भाजी लावत. सासूबाईंनी ते बी माहेरून आणलं होतं. शरदात पेरायचं, बर्फ पडायच्या सुमाराला रुंद पानं काढायची, मिठात मुरवायची. बी एका पत्र्याच्या डब्यात असायचं. घर गेलं, डबा गेला. एवढ्या वर्षांत बाहेर कुठे बी विकलं नाही, गावातल्या चार घरांत दिलं होतं तीही घरं गेली. आणि आता, कुणी न पेरता, हे. "मातीत सांडलेलं बी राहिलं असेल ना?" त्या मला विचारत होत्या. "सेन्सेइ, तुम्ही मोहरीच्या डॉक्टर आहात असं हे म्हणाले."

मोरिता-सान हळूच माझ्याशी इंग्रजीत म्हणाले, "नदीच्या बांधावर अशी विलायती मोहरी सगळीकडे माजलीय. पाण्याबरोबर तिचंच बी आलं असणार. पण तुम्ही बघा."

मी बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा, नळीशिवाय. मोहरीच्या घरात दोन मोठ्या बहिणी असतात, दोघी पिवळ्या, लांबून जुळ्या वाटतात. ओळखायची खूण साधी आहे. वरच्या पानाचं बूड खोडाला मिठी मारत असेल तर ती आबुराना, तेलाची. मिठी नसेल, पान नुसतं टेकलेलं असेल, तर ती काराशिना, तिखट, आपल्या फोडणीतली. मी पान उचललं. मिठी नव्हती. दुसरं झाड. मिठी नव्हती. अकराही झाडांवर नव्हती.

"काराशिना!" मी म्हणाले. "नक्की!"

"ते मलाही माहितेय," आजी म्हणाल्या. "पण कुणाची?"

आणि तिथे माझं ज्ञान संपलं. नदीकाठची रानटी आणि आजींची घरची, दोघी एकाच जातीच्या. फुलावर आल्या की दोघींची वरची पानं सारखीच अरुंद होतात. फरक दिसतो तो हिवाळ्यात, जमिनीलगत गोल पसरलेल्या पानांत. ती पानं तर केव्हाच वाळून गेली होती.

"म्हणजे आज सांगता येणार नाही?"

"आज नाही, आजी. या शेंगा पिकल्या, ते बी शरदात पेरलं, थंडीत पानं आली, तर सांगता येईल."

"मग ठेवू की शेंगा."

मोरिता-सान रस्त्याकडे बघत होते. तिथे लाल फीत बांधलेल्या खुंट्या रांगेने ठोकलेल्या होत्या. रस्ता उंच करायचं काम सोमवारी सुरू होणार होतं. त्या दिवशी शनिवार होता.

फावडी आणायला गाडीकडे जाताना मोरिता-सान म्हणाले, "यांच्या यजमानांची ओळख चार महिन्यांनी पटली. मनगटावरच्या घड्याळावरून." एवढंच बोलून त्यांनी डिकी उघडली. ओळख पटणे हे शब्द मी तेव्हा बातम्यांत रोज वाचत असे. झाडाबद्दल कुणी ते इतक्या आशेने विचारेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

मग आम्ही खणलं. मोहरीचं मूळ सरळ खाली जातं, गाजरासारखं, आणि मी ते पहिल्याच झाडाला तोडलं. आजींनी माझ्या हातातून फावडं काढून घेतलं. "लांबून घाला. बाळाला उचलतात तसं, खालून." माती वर आली की समुद्राचा वास यायचा. तात्पुरत्या निवाऱ्यांच्या वसाहतीतून दोघी-तिघी बायका बादल्या घेऊन आल्या, कुणी जुनी रंगाची डबडी आणली. फुलांचे शेंडे छाटले, मुळं ओल्या कापडात गुंडाळली. माझ्या हाताला फोड आले, नखांत काळी माती, आणि मी कुठल्याही प्रयोगात हसले नसेन एवढी हसत होते. संध्याकाळी वसाहतीच्या पत्र्याच्या भिंतीला टेकून अकरा बादल्या ओळीने उभ्या राहिल्या. झाडं माना टाकून बसली होती. शेजारच्या एक बाई म्हणाल्या, "मेली वाटतं." आजी म्हणाल्या, "बसलीत. आपणही बसलोच होतो की."

रविवारी फोनवर मी आईला हे सगळं एका दमात सांगितलं. ती म्हणाली, "अगं, मोहरीच ना ती? तिच्यासाठी जपान? मंडईत शंभर ग्रॅम मागितली असतीस तर—" आणि मग जरा थांबून, "पण जगली का झाडं?"

जगली. नऊ जगली. जुलैच्या शेवटी कुरियरने एक खोका आला. आत जाहिरातींच्या रंगीत कागदांची घडी घालून केलेल्या नऊ पुड्या. मी झाडांना एक ते अकरा आकडे दिले होते, तशा चिठ्ठ्याही बांधून आले होते. आजींनी त्या चिठ्ठ्या काढून टाकल्या होत्या. प्रत्येक पुडीवर त्यांच्या अक्षरात ते झाड जिथे उभं होतं ती जागा लिहिलेली. न्हाणीघर. मागचं दार. फाटकाची डावी बाजू. पर्सिमनच्या बुंध्यापाशी. जिना. मी पुड्या टेबलावर त्या त्या जागी मांडत गेले, आणि थोड्या वेळाने माझ्यासमोर टेबलावर एक घर होतं. मी कधी न पाहिलेलं. मोरिता-सान दारातून आत येऊन उभे राहिले. त्यांनी 'पर्सिमन' जरा उजवीकडे सरकवला. "इथे होता," ते म्हणाले. "लहानपणी मी त्या झाडाची फळं चोरलीत."

खोक्यात एक पत्रही होतं. आजींना आठवलं होतं की योकोहामातल्या त्यांच्या भाचीला, कियोको-सानना, सहा-सात वर्षांपूर्वी त्यांनी याच बियांचं पाकीट पाठवलं होतं. "तिने पेरलं असेल असं वाटत नाही. पण तिला काही टाकून देववत नाही."

तुलनेला घरचं, खात्रीचं बी! मी पत्र हातात धरून निखिलला ऑफिसात फोन केला. तो मीटिंगमध्ये होता. तरी सांगितलं.

कियोको-सान पन्नाशीच्या, बंदराजवळच्या एका उंच इमारतीत एकट्या राहणाऱ्या. त्यांनी चहा केला, गोड दिलं, आणि पाकिटाचा विषय निघताच त्यांचा चेहरा उतरला. "आहे," त्या म्हणाल्या. "कुठे आहे तेही माहितेय. पण ते सगळं झाल्यापासून तो खण मी उघडलेला नाही. मावशीने पाठवलेलं, आणि मी साधं कुंडीतही टाकलं नाही. तिला कुठल्या तोंडाने सांगू?"

"त्यांना ते ठाऊक आहे," मी म्हणाले. "तुम्ही पेरलं नाहीत म्हणून तर ते आज उरलंय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग उठून स्वयंपाकघरातला खालचा खण ओढला. रबरबँड, जुन्या बॅटऱ्या, कात्री, सोयसॉसच्या पुड्या, आणि सगळ्यात खाली एक तपकिरी पाकीट. त्यांनी ते माझ्या तळहातावर पालथं केलं. बारीक, तपकिरी, गोल दाणे. हुबेहूब मिसळणाच्या डब्यातले. एक दाणा घरंगळून टेबलाखाली गेला, तर आम्ही दोघी, एक पन्नाशीची आणि एक तिशीची, गुडघ्यांवर बसून तो शोधत होतो. सापडला, तेव्हा कियोको-सान लहान मुलीसारख्या ओरडल्या.

सप्टेंबरमध्ये प्रयोगशाळेच्या हरितगृहात पेरलं. कुंड्यांचे नऊ गट रस्त्याकडेचे, एक गट योकोहामाचा. तिसऱ्याच दिवशी रस्त्याकडेचे कोंब मातीतून वर आले, हृदयाच्या आकाराची दोन दोन पानं. योकोहामाच्या कुंड्या कोऱ्या. चौथा दिवस, पाचवा दिवस. मी सकाळी कुणाच्याही आधीची गाडी पकडून जायला लागले. सहाव्या दिवशी मी मोरिता-सानना म्हणाले, "बी म्हातारं झालं बहुतेक." ते म्हणाले, "म्हाताऱ्यांना उठायला वेळ लागतो." आठव्या दिवशी एक कोंब. नवव्या दिवशी चार. त्या रविवारी आईने फोन उचलल्या उचलल्या विचारलं, "उगवली का?" आणि फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की आज तिने 'परत कधी येताय' विचारलंच नव्हतं.

नोव्हेंबरात पानं वेगळी व्हायला लागली. आधी मला भास वाटला. मग मोजपट्टी लावली. सहा गटांची पानं कडेने खोल कातरलेली, खरखरीत. ती नदीकाठची, रानटी. दोन गटांची मात्र रुंद, सुपासारखी पसरट, शिरांवर जांभळी झाक. आणि एक गट अर्धामुर्धा, पान रुंद पण कड कातरलेली, जणू दोन्ही घरचं रक्त. मी योकोहामाची कुंडी उचलून त्या दोन गटांच्या मध्ये ठेवली.

रुंद. पसरट. जांभळी शीर.

मोरिता-साननी पुड्यांची यादी काढून ती दोन नावं वाचली. न्हाणीघर. मागचं दार. "न्हाणीघराच्या मागे त्या शेंगा झोडत असत," ते म्हणाले. "तिथेच बी सांडायचं." आणि मग या शांत माणसाने, ज्याला मी चार वर्षांत कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं, हरितगृहात टाळी वाजवली. एकच. ती काचांतून घुमली.

डिसेंबरात आम्ही निघालो. कागदी पिशव्यांत चार कुंड्या, दोन माझ्या मांडीवर, दोन मोरिता-सानच्या. शिंकान्सेनमध्ये पलीकडच्या आजोबांनी विचारलं, "कुणाला भेट का?" मी म्हणाले, "नाही, परत द्यायला चाललोय."

वसाहतीत बर्फ भुरभुरत होतं. आजींच्या दाराशी चपलांचा ढीग होता. कियोको-सानही आल्या होत्या, कोपऱ्यात अवघडून बसलेल्या. आजींनी त्यांना पाकिटाबद्दल एक शब्दही विचारला नाही, नुसती स्वतःची रजई त्यांच्या गुडघ्यांवर ओढली. बाकी शेजारणी भिंतीला टेकून. मी कुंड्या मांडल्या आणि बोलायला सुरुवात केली. मोजमापं, टक्केवारी, तुलनेचा गट, अर्ध्यामुर्ध्या झाडाचं स्पष्टीकरण. जपानीत सगळं पाठ करून आले होते. आजी ऐकत होत्या की नाही कोण जाणे. त्यांनी मधल्या एका कुंडीवर हात ठेवला, बाहेरचं एक पान खुडलं, शिरेवरून अंगठा फिरवला, आणि तोंडात घातलं.

मी बोलायची थांबले. सगळेच थांबले. त्या सावकाश चावत होत्या, डोळे मिटून. मला राहवेना, मीही एक तुकडा तोडून खाल्ला. पहिल्यांदा काहीच नाही, नुसतं हिरवं, किंचित गोड. मग तो आला. आई लोणच्यासाठी मोहरी फेसते तेव्हा तिच्या पाट्यावरून उठतो तोच झणका, टाळूतून थेट कपाळात! माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मला ठसका लागला. शेजारणी हसायला लागल्या.

आजींनी डोळे उघडले. त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं आणि नाक लाल.

"सासूबाईच," त्या म्हणाल्या. "अशाच नाकात जायच्या."

त्यावर खोलीत जो हशा पिकला तो मला अजून ऐकू येतो. कियोको-सान तर हसता हसता रडायला लागल्या आणि कुणी त्यांना थांबवलं नाही. हशा ओसरतो न ओसरतो तोच आजी भराभर पानं खुडू लागल्या. एक, दोन, तीन. मी घाबरून ओरडले, "आजी, थांबा! बी धरायचंय! ही एवढीच झाडं आहेत!"

त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. "मोगे-सान," त्या म्हणाल्या, "तुम्ही ओळखून दिलीत, तुमचे उपकार आहेत. पण वाढवायची कशी ते मला शिकवू नका. आधी बाहेरची काढायची, मग आतली जोमाने येतात. या, बसा. भात गरम आहे."

त्यांनी पानं धुतली, मीठ चोळलं, चिरली, आणि प्रत्येकीच्या वाटीतल्या भातावर चिमूटभर ठेवली. मला दोनदा वाढलं. मोरिता-सान मागून घेत होते.

परतीच्या गाडीत मी वही उघडली. नियमच होता, नमुन्याला काही झालं की त्याच दिवशी नोंद करायची. पेन हातात धरून बराच वेळ विचार केला, आणि मग जसं झालं तसं लिहिलं: "न्हाणीघर, झाड दुसरं. बाहेरची सहा पानं खाल्ली. मधला कोंब शाबूत."